विहिरीतली हवा

ऊनपाणी पाडा, ता. नवापूर
१४ ऑक्टोबर २०२५

आयुषी,

तुझा नवा ई-मेल रूपकंवरकाकूंकडून घेतला. नंदुरबारला बँकेच्या कामासाठी गेले होते, तशीच तुमच्या घरी शिरले. काकूंना वाटलं, आपलं पुन्हा जमलं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी लापशी वाढली आणि होस्टेलच्या दिवसांसारखंच, संपेपर्यंत उठू दिलं नाही.

आपलं जमलेलं नाही. मला तुझे डोळे हवेत, आणि तेही आकड्यांपुरते.

मी सध्या घरीच असते. आमच्या पाड्यावरच्या गरम झऱ्याचं वर्षभर मोजमाप करायचा विद्यापीठाचा एक प्रकल्प आहे, तो घेतलाय. जागृत ज्वालामुखीच्या पोटातलं पाणी अस्वस्थ झालंय हे ओळखायचं, तर शांत जागेतलं पाणी कसं वागतं ते आधी माहीत हवं, असा त्याचा हेतू. म्हणजे इथे काहीच होत नाही, हे रोज लिहून ठेवायचं. ज्वालामुखीच्या बेटावरून परत पाठवलेल्या बाईला याहून शोभेल असं काम कुठलं? आमच्या डोंगरांतला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवला, त्याला आता कुणीही उठवणार नाही.

पण काहीतरी होतंय.

पाऊस थांबला आणि जमिनीखालून आवाज यायला लागले. सुरुंग लावल्यासारखा दबका आवाज, मग भांडी खुळखुळतात. माझी आई तुळशीबाई म्हणते, डोंगर कूस बदलतोय. मी म्हणते, यंदा पाऊस फार झाला, पाणी जुन्या भेगांतून खोल उतरलंय, दाब वाढून खडक थोडा सरकत असेल. दोघींचं म्हणणं तसं एकच आहे. पण झऱ्याचं तापमान पाच अंशांनी वाढलंय, पाणी गढूळ येतंय आणि क्षार बदललेत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतेय.

फाइल जोडली आहे. बघ. नाही बघितलीस तरी चालेल.

गायत्री

---

२५ ऑक्टोबर

आयुषी,

तुझं उत्तर नाही. दिवाळी होती, काम असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तिकडे दिवाळीची सुट्टी नसते हेही मला माहीत आहे.

काल दुपारी जेवताना जोराचा धक्का बसला. आमशाकाकांच्या घराची मागची भिंत फुटली. ते आमचे शेजारी, सगळा पाडा ज्या विहिरीचं पाणी भरतो ती त्यांच्याच शेतात आहे. कुणाला लागलं नाही. पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ आला. कुठल्यातरी परदेशी डोंगरातून आग उसळतेय आणि खाली लिहिलंय, 'नवापूर तालुक्यात ज्वालामुखी जागा झाला.' आज सकाळी दोन कुटुंबं गुरं घेऊन नातेवाइकांकडे निघून गेली.

मग तलाठी आले. हेमकांत नाव. कोरीटचे आहेत, अहिराणी बोलतात, माणूस चांगला आहे, पण वरून फोन आला की घाम फुटतो. झऱ्याशी मी बसले होते तिथे येऊन उभेच राहिले.

"ताई, साहेबले काय सांगू? ज्वालामुखी शे का नही शे, येवढंच सांगा."

"नाही. ते बिनधास्त लिहा."

"मंग पानी कसाले तापी ऱ्हायनं?"

मी समजावलं. खोल गेलेलं पाणी तिथल्या उष्णतेनं तापतं, धक्क्यांनी वाट मोकळी झाली की जास्त वर येतं. त्यांनी मान हलवली.

"मंग लोकेसले सांगू का, घाबरानं काम नही?"

आयुषी, हा प्रश्न वेगळा आहे. ज्वालामुखी नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. धोका नाही हे सांगू शकत नाही. आणि धोका आहे असं म्हणायला माझ्याजवळ काय आहे? पाच अंश आणि गढूळ पाणी. बेटावर याहून जास्त होतं. विवरातल्या तळ्याचा रंग बदलला होता, वायूंचं प्रमाण उलटंपालटं झालं होतं. आतलं पाणी एकदम उकळून फुटलं तर पळायलाही वेळ मिळत नाही, म्हणून मी थेट खालच्या गावात जाऊन लोकांना निघा म्हणाले. ते निघाले. डोंगर गप्प राहिला. आणि तू बैठकीत सगळ्यांसमोर म्हणालीस, 'गायत्रीला भीती आणि मोजमाप यांतला फरक कळत नाही.'

ते वाक्य मी इथेही घेऊन आले आहे. रोज झऱ्यावर जाताना बरोबर असतं.

तलाठ्यांना मी म्हणाले, "आठ दिवस द्या." ते म्हणाले, "साहेब आठ मिनिटं देत नही."

मी दिवसातून चार-चार वेळा झऱ्यावर जाते. आई विचारते, पायांना भिंगरी लागली का. बसले की वाटतं, जमीन हलली. हललेली नसते.

फाइल पुन्हा जोडते आहे.

गायत्री

---

२ नोव्हेंबर

आयुषी,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. 'तापमान सोड. वायू कुठे निघतोय ते शोध. झऱ्यावर नको, जिथे हवा कोंडते अशा खोल जागी बघ.' वर नाव नाही, खाली नाव नाही. राग आला. मग मी वायुमापक घेतला आणि आमशाकाकांच्या विहिरीवर गेले.

धक्क्यांनंतर त्या विहिरीचं पाणी एकदम खाली गेलंय, हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. उरलेलं पाणी कोमट लागतं आणि तळाशी बुडबुडे येतात, हेही बायका सांगत होत्या. मी ऐकत होते आणि झऱ्याकडे जात होते. माझा प्रकल्प झऱ्याचा ना!

मापक दोरीला बांधून आत सोडला. अर्ध्यावर गेला आणि किंचाळायला लागला. खाली प्राणवायू इतका कमी की माणूस दोन श्वासांत भोवळ येऊन पडेल. वास नाही, रंग नाही. भेगांतून येणारा वायू तळाशी साचलाय आणि त्यानं हवा वर ढकलली आहे. पुन्हा सोडला. तेच.

या वेळी मी थांबले नाही. घरोघर गेले. काठावरून पाणी शेंदा, पण आत कुणी उतरायचं नाही, असं सांगितलं. विहिरीच्या पायऱ्यांवर काटेरी फांद्या टाकल्या. आमशाकाका 'बरं' म्हणाले. बायका 'बरं' म्हणाल्या. माझा धाकटा भाऊ शिवाजी हसला.

तो तुला आठवत नसेल. तू आलीस तेव्हा तो शाळेत होता. आता ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत आहे. पुढच्या सोमवारी टोळी बारडोलीकडे निघणार, आणि त्याच्या आधी त्याला विहिरीवरची मोटार चालू करून द्यायची आहे. पाणी खाली गेल्यामुळे मोटारीचा पाइप हवेत लटकतोय. तो लांबवला नाही तर मागे राहिलेल्या बाबांच्या हरभऱ्याला पाणी कोण देणार?

"तिकडे बेट रिकामं केलंस," तो म्हणाला, "आता विहीर रिकामी कर."

सगळ्यांसमोर म्हणाला. बाबा खळ्यावर भात उफणत होते, त्यांनी ऐकलं आणि पुढची पाटी उचलली. घरात ही गोष्ट मीच सांगितली होती, हसत-हसत, आपल्याला काही वाटत नाही असं दाखवायला.

उद्या नवापूरला जाते. तलाठ्यांना घेऊन तहसीलमधून विहीर बंद करायचा लेखी हुकूम आणते. माझं ऐकत नाहीत, शिक्क्याचं ऐकतील.

गायत्री

---

चिंचपाडा
५ नोव्हेंबर

आयुषी,

शिवाजी विहिरीत पडला. इथे मिशनच्या दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणतात, जगेल. डोळे उघडतो, आईला ओळखतो, मला कधी ओळखतो कधी नाही.

मी ठीक आहे. खोकला आहे थोडा.

पडला असं मी नर्सला सांगितलं आणि तुलाही तेच लिहिलं. तो पडला नाही.

बाबा बाहेर बाकावर बसलेत. मी चहा नेला, तो तसाच बाजूला ठेवला. माझ्याकडे बघत नाहीत.

नंतर लिहीन.

गायत्री

---

ऊनपाणी पाडा
१६ नोव्हेंबर

आयुषी,

तू लगेच विचारलंस, काय झालं. दोनदा विचारलंस. एवढे दिवस मला सांगता येत नव्हतं. आता सरळ सांगते.

तहसीलमध्ये हुकूम मिळाला नाही. साहेब बैठकीला गेले होते. हेमकांत म्हणाले, "मन्ही नोकरी जाई ताई, बिगर हुकूमना विहीर बंद करी तर." पण मी परत निघाले तेव्हा तेच मोटारसायकल काढून म्हणाले, "बसा. लोकेसले तोंडी सांगसू."

पाड्यावर पोचलो तर विहिरीवर गर्दी. काटेरी फांद्या बाजूला ओढलेल्या. मी दुपारपर्यंत येईन, मग वाद होईल, म्हणून शिवाजी आधीच उतरला होता. अर्ध्यापर्यंत वरच्या लोकांशी बोलत होता. मग बोलणं थांबलं. आमशाकाकांनी वाकून बघितलं, तर तो आतल्या कपारीवर बसलेला आणि मान एका बाजूला कललेली.

बाबा काठावर होते. कमरेला दोरी बांधून पाय आत सोडलेला.

मी मोटारसायकलवरून उडीच मारली. बाबांना मागून मिठी घातली. लहानपणानंतर मी बाबांना कधी मिठी मारलेली नव्हती, आणि ही काही तशी मिठी नव्हती. त्यांना मागे ओढून जमिनीवर पाडलं. ते उठले, मी पुन्हा धरलं. त्यांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं.

"माझा पोरगा आहे खाली!"

"बाबा, तुम्ही गेलात तर दोघं जाल."

"सोड!"

"मग तुम्हाला काढायला आमशाकाका जातील. मग त्यांचा मुलगा. असंच होतं बाबा. एकामागून एक जातात."

ते ऐकत नव्हते. हेमकांतनी त्यांचा दुसरा हात धरला. आई काठावर बसून शिवाजीच्या नावानं हाका मारत होती, आणि मी तिला सांगत होते की वाकू नकोस. विचार कर, आईला मी तेही करू दिलं नाही.

खळ्यावर भात उफणायचा पंखा होता. मी ओरडले, तो आणा. मोटारीच्या खांबावरून वीज घेतली. ताडपत्रीची लांब नळी गुंडाळली, सुतळीनं बांधली, एक तोंड पंख्याला, दुसरं आत सोडलं. पंखा सुरू झाला, ताडपत्री फुगली आणि तिला चिकटलेला कोंडा विहिरीतून वर उडायला लागला. मी मापक दोरीनं शिवाजीच्या डोक्याइतका खाली सोडला, वर ओढून खालचा आकडा वाचला, पुन्हा सोडला.

प्राणवायूचा आकडा हलेना. मग हलला. मग पुन्हा थांबला.

आयुषी, तिथे मी सगळ्यांना थांबवून ठेवलं. किती वेळ ते मला खरंच माहीत नाही. आपला माणूस डोळ्यांसमोर दिसतोय, हात लांब केला तर पोचेल असं वाटतंय, आणि मी एका डबीकडे बघत 'अजून नाही, अजून नाही' म्हणतेय. बाबा म्हणाले, "मोजत काय बसलीस?" ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आकडा पुरेसा वर आल्यावर मी स्वतःच्या कमरेला दोरी बांधली. मापक वाचता येणारी मीच, आणि वजनानंही मीच हलकी. आमशाकाका म्हणाले, मी जातो. मी म्हणाले, तुम्ही ओढा. दोरीचं दुसरं टोक बाबांच्या हातात होतं. मी ते घेऊन दुसऱ्या कुणाला द्यायचा विचार केला होता. नाही दिलं.

खाली हवा कोमट होती. ताडपत्रीचं तोंड मी त्याच्या चेहऱ्याशी धरलं. ओठ निळे, पण गळ्याशी नाडी लागत होती. कपारीवर अडकला म्हणून वाचला. घसरून पाण्यात गेला असता तर हे लिहिलंच नसतं. दुसरी दोरी त्याच्या काखेतून घेतली. त्याला वर ओढलं, तेव्हा मी एकटी खाली होते आणि मापक पुन्हा वाजायला लागला. मला भीती वाटली. खरी, नुसती भीती. पण हातातला आकडाही तेच सांगत होता. मग त्यांनी मलाही ओढून काढलं.

हेमकांतनी जीप मिळवली. दवाखान्यात प्राणवायू लावला. दुसऱ्या दिवशी लेखी हुकूम आला.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मला आधी वाटलं, मी अडवलं म्हणून. आई म्हणते तसं नाही. "तू त्याला जाऊ दिलं नाहीस आणि स्वतः गेलीस," ती म्हणाली. "दोन्ही लेकरं आत, आणि बाप वर दोरी धरून उभा. त्याच्या हातांची सालं निघाली होती, बघितलीस?"

मी बघितली नव्हती.

गायत्री

---

ऊनपाणी पाडा
११ जानेवारी २०२६

आयुषी,

तुझं लांब पत्र आलं. मी ते झऱ्याजवळच्या टेकाडावर उभी राहून वाचलं, तिथेच रेंज येते. तू लिहितेस, 'त्या वेळी तुझे आकडे बरोबर होते. डोंगर फुटला नाही म्हणून मी ते आकडेसुद्धा भीतीच्या खात्यात टाकले.' लिहितेस की बैठकीत वरचे लोक तुझ्याकडे बघत होते, आणि एकीला बाजूला सारलं नसतं तर दोघींनाही परत पाठवलं असतं.

यावर मी रडेन असं मला वाटलं होतं. रडले नाही. मला बेटावरचा एक म्हातारा आठवला. आपण परत गेलो तेव्हा त्याच्या बकऱ्या मेलेल्या होत्या, कारण मी त्याला निघायला लावलं आणि मागे पाणी पाजायला कुणी नव्हतं. आकडे बरोबर असले तरी त्या बकऱ्या मेल्याच. मी तेव्हा तुझ्यावर इतकी चिडले होते की त्याच्याशी एक शब्दही बोलले नाही. तू अजून तिथे आहेस. तो भेटला तर त्याला विचार, आता कसं चाललंय.

इथलं सांगते. डिसेंबरपासून धक्के नाहीत. झरा निवळला, तापमान हळूहळू उतरतंय. विहिरीत मी रोज मापक सोडते. बरेच दिवस हवा चांगली असते, आणि मग एखाद्या सकाळी आकडा पुन्हा खाली जातो, कारण नसताना. कारण असेल, मला कळलेलं नाही. निघा, हे सांगणं सोपं होतं. परत या, हे सांगताना माझी झोप उडते. आता लोक विचारतात, कधी उघडणार? काठावरून शेंदायला हरकत नव्हती, पण हुकुमात विहीर म्हणजे सगळीच विहीर बंद. हेमकांत टँकर पाठवतात, तो एक दिवस येतो, दोन दिवस येत नाही. बायका नदीच्या पात्रात झिरे खोदून पाणी भरतात. बाबांचा हरभरा गेला. कुणी मला दोष देत नाही, पण मी जवळून गेले की बोलणं थांबतं.

शिवाजी बारडोलीला गेला नाही. चालतो, जेवतो, गुरं सोडतो. बोलताना शब्द सापडत नाही त्याला. परवा 'कुऱ्हाड' म्हणायचं होतं, हातानं दाखवत राहिला, आणि शेवटी आपलं आपणच हसला. माझ्यावर चिडत नाही. विहिरीचं त्याला काही आठवतही नाही. मला वाटतं, त्याच्याऐवजी मीच सगळं आठवत असते. चिंचपाड्याचे डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, पुष्कळ येईल परत.

बाबांचं बोलणं आईमार्फत चालायचं. 'तिला सांग, भाकरी खाऊन घे.' मी समोर बसलेली असताना. दोन महिने हेच.

आज सकाळी मी विहिरीवर मापक सोडून बसले होते. मागे पावलं वाजली. बाबा होते. डोक्यावर रिकामा हंडा. आमच्यात पुरुष असा हंडा घेऊन फिरत नाहीत. आईचा गुडघा दुखतोय, मला वाटतं म्हणून. ते माझ्यापासून थोडे लांब उभे राहिले. मी दोरी वर घेतली, आकडा बघितला. चांगला होता. काल नव्हता.

"भरू का?" त्यांनी विचारलं.

सरळ मला विचारलं, आयुषी. मध्ये कुणी नव्हतं.

माझ्या तोंडात हो आलं होतं. किती सोपं झालं असतं. आणि काठावरून एक हंडा शेंदला म्हणून काय होणार होतं? पण एकानं भरला की दुसरा भरणार, मग मोटारीचा पाइप कुणाला तरी आठवणार.

"आज नको, बाबा," मी म्हणाले. "अजून काही दिवस बघू दे."

त्यांनी विहिरीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या मापकाकडे. मला वाटलं, आता पुन्हा महिनाभर गप्प बसतील.

"बरं," ते म्हणाले. हंडा डोक्यावर नीट केला आणि नदीच्या वाटेला लागले. ती वाट लांब आहे, आणि भरलेला हंडा घेऊन येताना सगळा चढ. वळणापर्यंत मी त्यांना बघत होते. वळणावर आमशाकाका भेटले, त्यांच्याही हातात घागर होती आणि ते विहिरीकडेच येत होते. बाबांनी त्यांना थांबवलं. काय बोलले ते इथवर ऐकू आलं नाही. आमशाकाका मागे फिरले आणि दोघं मिळून खाली नदीकडे गेले.

गायत्री